रोजच्या ताटाला शेजारघरची चव

‘आज रात्री काय करायचे?’ या रोजच्या प्रश्नाचे उत्तर पाककृतींच्या जाडजूड पुस्तकापेक्षा शेजारच्या घरातील साध्या कढईत मिळण्याचा संभव अधिक असतो.

संध्याकाळचे सहा वाजले, की शहरातील घराघरांत एक प्रश्न डोके वर काढतो. कचेरीतून निघताना तो दूरध्वनीवरून विचारला जातो, लोकलच्या डब्यात भाजी निवडता निवडता मनात घोळतो आणि मंडईतल्या भाजीवाल्यासमोर उभे राहिल्यावर तर अगदी निकडीचा होतो. ‘आज रात्री जेवायला काय करायचे?’ घरच्यांना विचारावे, तर ‘काहीही कर’ असे उदार उत्तर मिळते. या ‘काहीही’चा अर्थ बहुतेक घरांत ठरलेला असतो : सोमवारी फ्लॉवर-बटाटा, मंगळवारी भेंडी, बुधवारी मटकीची उसळ आणि फारच उशीर झाला, तर मुगाची खिचडी. पुढच्या सोमवारी पुन्हा फ्लॉवर-बटाटा.

हा विषय वरवर किरकोळ वाटतो. दोन वेळचे अन्न सुखाने मिळत असताना त्याच्या एकसुरीपणाची तक्रार कशाला, असेही कोणी म्हणेल. पण या कंटाळ्याची किंमत घर मोजतच असते. जेवणात मन रमेनासे झाले, की बाहेरून मागवण्याचे प्रमाण वाढते, मुले भाजी बाजूला सारू लागतात आणि स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला आपले श्रम वाया जात असल्याची भावना होते. ही व्यक्ती बहुतेक घरांत स्त्रीच असते. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे घरच्या बिनमोल कामात जात असल्याचे, तर असे काम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे जात असल्याचे आढळले होते. या मिनिटांत ‘काय करायचे’ हे ठरवण्याचा मानसिक शीण किती, हे घड्याळावर मोजता येत नाही. पण तो शीण कढईपाशी उभे राहण्याच्या श्रमांहून कमी नसतो, हे रोज स्वयंपाक करणारे कोणीही सांगेल.

कंटाळा येतो कुठून?

पहिले कारण आपल्या ताटाच्या रचनेतच आहे. पोळी, भाजी, वरण, भात या चौकटीत पोळी, वरण आणि भात रोज तेच राहतात. बदल करायला जागा उरते ती एका भाजीपुरती. त्या भाजीलाही मोहरी, हिंग, हळदीची तीच फोडणी आणि वर ओले खोबरे-कोथिंबीर किंवा दाण्याचे कूट. भाजीचे नाव बदलले, तरी जिभेला फारसा फरक जाणवत नाही.

दुसरे कारण बाजाराचे आहे. पूर्वी ऋतू आणि पंचांग मिळून घरचा बेत ठरवून देत असत. आषाढात कांदेनवमीला कांद्याची भजी खाऊन अनेक घरे चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगी यांचा निरोप घेत. त्यामुळे चार महिने स्वयंपाकाला वेगळी वाट शोधणे भागच पडे. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, फोडशी, शेवळे अशा रानभाज्या येत. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला भरताने वांग्याचे पुनरागमन होई, पौषात भोगीच्या दिवशी मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी ताटात येई. निषेध आणि आगमन यांच्या या चक्रामुळे कोणताच पदार्थ बारमाही होत नसे. आज फ्लॉवर, सिमला मिरची आणि गोठवलेले मटार बाराही महिने मिळतात. सोय झाली, हे खरेच. पण बेत ठरवून देणारा तो अदृश्य हात नाहीसा झाला आणि निवडीचा सगळा भार एकट्या माणसावर येऊन पडला.

तिसरे कारण वेळेचे. रात्री आठला घरी पोहोचणारी व्यक्ती प्रयोग करत नाही. हाताला जे सवयीचे आहे तेच करते. त्यात दोष काहीच नाही. मात्र सवयीच्या पदार्थांची संख्या पाच-सातच असेल, तर कंटाळा अटळ आहे.

रविवारचे पदार्थ, बुधवारचे पदार्थ

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे नवी पाककृती शोधणे. वृत्तपत्रांच्या पुरवण्या, दूरचित्रवाणी, इंटरनेट यांनी पाककृतींचा महापूर आणला आहे. तरीही कंटाळा जात नाही, कारण यांतील बऱ्याच कृती रविवारच्या असतात. त्यांना निवांत दुपार लागते, एखादी खास बाजारहाट लागते आणि मागे भांड्यांचा ढीग उरतो. अशी कृती एकदा होते, तिचे कौतुकही होते आणि बुधवारी पुन्हा फ्लॉवर-बटाटाच शिजतो.

आपल्याला गरज आहे ती बुधवारच्या पदार्थांची. त्यांची कसोटी सोपी आहे. जिन्नस घरच्या डब्यांत असावेत, पाऊण तासात पदार्थ व्हावा, त्याच्या जोडीला फारसे काही लागू नये आणि आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांनी तो खावा.

मराठीत छापील पाककृतींची परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली प्रसिद्ध झाले. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याच्या प्रमाणात कृती देऊन नवशिक्यांच्या पिढ्यांना धीर दिला. ही पुस्तके आजही हाताशी असावीत अशीच आहेत. परंतु शेकडो कृतींपैकी कोणती कृती थकल्या संध्याकाळीही हातून होते, ती कशाबरोबर खायची आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्यात तिचे काय करायचे, हे ज्ञान पुस्तकात कमी आणि घरात अधिक असते. शिवाय प्रत्येक घराला आपले रोजचे जेवण सांगण्याजोगे वाटतच नाही. पाहुण्यांना आपण श्रीखंड-पुरी वाढतो, कुळथाची पिठी नाही. म्हणूनच एका घरचा अत्यंत साधा पदार्थ दुसऱ्या घराला आयुष्यभर ठाऊक नसतो.

एक कडधान्य, दोन घरे

याचे उत्तम उदाहरण म्हणजे कुळीथ. कोकणात भाताचे पीक निघाल्यावर जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर तो पिकतो, तर देशावर कोरडवाहू रानात. तिथे त्याला हुलगा म्हणतात. कर्नाटकात तो हुरळी होतो, आंध्रात उलवा. शंभर ग्रॅम कुळथात सुमारे २०-२२ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे तो इतर डाळींच्या बरोबरीचा आहे. आता गंमत पाहा. कोकणातल्या घरात या पिठाची पातळसर पिठी होते आणि ती गरम भातावर ओतली जाते. पुणे, नगर, सोलापूरकडच्या घरात त्याच पिठाचे शेंगोळे वळले जातात. दोन्ही घरांच्या फडताळात डबा एकच. पण पिठीच्या घराला शेंगोळे ठाऊक नाहीत आणि शेंगोळ्यांच्या घराला पिठी. या दोन गृहिणी एकाच इमारतीत राहत असतील आणि जिन्यात दहा मिनिटे बोलल्या, तर दोघींच्याही आठवड्यातील एक संध्याकाळ सुटते. नवा जिन्नस नाही, नवे भांडे नाही, वेगळा खर्चही नाही.

पदार्थांच्या अदलाबदलीचे तत्त्व एवढेच आहे. खाली अशाच पाच कृती दिल्या आहेत. प्रमाण चार माणसांचे आहे. वाटी म्हणजे आमटीची मध्यम वाटी.

कुळथाची पिठी (कोकण)

साहित्य : अर्धी वाटी भाजून दळलेले कुळथाचे पीठ, तीन वाट्या पाणी, एक कांदा, सहा-सात लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, दोन-तीन आमसुले, फोडणीचे साहित्य, मीठ, ओले खोबरे, कोथिंबीर.

कृती : पीठ गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवून घ्यावे. तेलात मोहरी, हिंग, हळदीची फोडणी करून ठेचलेला लसूण तांबूस होऊ द्यावा. मिरची व कांदा परतून कालवलेले पीठ ओतावे. आमसुले व मीठ घालून उकळी येईपर्यंत सतत ढवळावे आणि मंद आचेवर सहा-सात मिनिटे शिजू द्यावे. वर खोबरे-कोथिंबीर घालावी. पिठी निवताना दाट होते, म्हणून उतरवताना ती किंचित पातळच असावी. गरम भात, भाजलेला पापड आणि पिठी एवढ्यावर जेवण होते.

शेंगोळे (देश)

साहित्य : दोन वाट्या हुलग्याचे पीठ, अर्धी वाटी ज्वारीचे पीठ, आठ-दहा लसूण पाकळ्या, तीन-चार हिरव्या मिरच्या, एक चमचा जिरे, कोथिंबीर, दोन मोठे चमचे दाण्याचे कूट, हळद, मीठ, तेल, पाच-सहा वाट्या पाणी.

कृती : लसूण, मिरची, जिरे, कोथिंबीर एकत्र वाटावे. अर्धे वाटण, हळद व मीठ पिठांत घालून घट्ट पीठ मळावे. तेलाच्या हाताने बोटाएवढ्या जाडीच्या लांबट वळ्या करून त्यांची टोके जुळवावीत. कढईत फोडणी करून उरलेले वाटण परतावे, पाणी, कूट व मीठ घालावे. पाणी खळखळून उकळू लागल्यावर शेंगोळे एकेक करून सोडावेत. पहिली चार-पाच मिनिटे डाव घालू नये, नाहीतर ते मोडतात. झाकण ठेवून वीसेक मिनिटे शिजवावे. रस पातळ वाटल्यास चमचाभर पीठ पाण्यात कालवून घालावे. शेंगोळे वळण्याच्या कामाला मुले आनंदाने बसतात, हा यातला आणखी एक लाभ.

गोळा भात (विदर्भ)

साहित्य : दोन वाट्या तांदूळ, एक वाटी हरभरा डाळीचा भरडा, एक चमचा तिखट, हळद, हिंग, ओवा, मीठ, दोन मोठे चमचे गरम तेल. वरून घेण्यासाठी फोडणीचे तेल व लिंबू.

कृती : भरड्यात तिखट, हळद, हिंग, ओवा, मीठ व गरम तेलाचे मोहन घालून थोड्या पाण्याने भिजवावे आणि पंधरा मिनिटांनी लिंबाएवढे गोळे करावेत. तांदूळ दुप्पट पाण्यात शिजत ठेवावा. पाणी आटून भाताच्या पातळीला आले, की गोळे हलकेच भातावर ठेवावेत, घट्ट झाकण लावून बारीक आचेवर पंधरा मिनिटे वाफ आणावी. वाढताना गोळा भातात कुस्करून त्यावर मोहरी, हिंग व सुक्या मिरचीची चरचरीत फोडणी आणि लिंबू घ्यावे. सोबत ताकाची कढी असली, तर पोळी-भाजीची आठवणही होत नाही. बारीक दळलेल्या बेसनाचे गोळे चिकट होतात. इथे जाडसर भरडाच हवा.

वरणफळे

साहित्य : दोन वाट्या शिजलेले तुरीचे वरण (सकाळचे उरलेले चालते), तीन वाट्या पाणी, दीड वाटी कणीक, चिंचेचा कोळ, गूळ, एक चमचा गोडा मसाला, तिखट, फोडणीचे साहित्य, कढीलिंब, मीठ, वरून तूप.

कृती : कणकेत मीठ, हळद, तिखट व थोडे तेल घालून घट्ट भिजवावी. वरणाला फोडणी देऊन पाणी, कोळ, गूळ, मसाला व मीठ घालून उकळी आणावी. कणकेची जाडसर पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापावेत आणि उकळत्या आमटीत थोडे थोडे सोडावेत. दहा-बारा मिनिटांत फळे शिजतात. काही घरांत यांना चकोल्या म्हणतात. गुजराती घरांतील दाळ-ढोकळी हे यांचेच भावंड. पोळ्या लाटण्याचे काम वाचते आणि उरलेले वरण सत्कारणी लागते.

सुका जवळा (किनारपट्टी)

साहित्य : दीड वाटी सुका जवळा, दोन मोठे कांदे, आठ लसूण पाकळ्या, दोन चमचे तिखट, हळद, तीन आमसुले, तेल, कोथिंबीर.

कृती : जवळा निवडून कोरडाच मंद आचेवर खमंग भाजावा. नंतर दोन-तीन पाण्यांनी धुऊन, रेती खाली बसल्यावर वरचा जवळा पिळून घ्यावा. तेलात ठेचलेला लसूण व कांदा गुलाबी होईपर्यंत परतावा. हळद, तिखट, आमसुले व जवळा घालून पाण्याचा हबका मारावा आणि आठ-दहा मिनिटे वाफेवर शिजवावे. जवळा मुळातच खारट असतो, म्हणून मीठ चाखूनच घालावे. तांदळाच्या भाकरीबरोबर हा बेत अर्ध्या तासात पार पडतो. पावसाळ्यात ताजी मासळी दुर्मीळ असताना किनाऱ्यावरची घरे याच साठवणीवर भिस्त ठेवतात.

कृती मागावी कशी?

दुसऱ्याच्या घरचा पदार्थ आपल्या घरी जमत नाही, याचे कारण बहुधा विचारण्यात असते. अनुभवी हात प्रमाण सांगत नाहीत. ‘अंदाजाने घालायचे’, ‘दिसेल बरोबर’ अशी उत्तरे मिळतात. त्यात लपवाछपवी नसते. त्यांचे माप डोळ्यांत आणि हातांत असते. म्हणून प्रश्न नेमके हवेत. ‘पीठ किती?’ असे विचारण्यापेक्षा ‘एक वाटी पिठाला पाणी किती वाट्या?’ असे विचारावे. वाट्या लहान-मोठ्या असतात, गुणोत्तर मात्र कोणत्याही वाटीला लागू पडते. ‘किती वेळ शिजवायचे?’ याच्या जोडीला ‘झाले हे कशावरून ओळखायचे?’ हे विचारावे. कडेला तेल सुटणे, बुडबुडे जाड होणे, कच्चा वास जाणे या खुणा घड्याळाहून विश्वसनीय असतात, कारण प्रत्येकाच्या शेगडीची आच वेगळी.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : ‘हे बिघडते कुठे?’ शेंगोळ्यांत लगेच डाव घालू नये, गोळा भाताला बारीक बेसन वापरू नये, ही माहिती अनेकदा लिखित कृतीतून गळते, कारण सांगणाऱ्याला ती सांगण्याइतकी विशेष वाटत नाही. आणि शेवटी ‘तुम्ही हे कशाबरोबर खाता?’ हेही विचारायला विसरू नये. पिठी पोळीबरोबर वाढली, तर ती फसल्यासारखी वाटेल. तीच भाताबरोबर स्वर्गसुख देते.

शक्य झाल्यास पहिल्या वेळी तो पदार्थ त्या घरी उभे राहून पाहावा. भरड्याचे पीठ किती घट्ट, हे शब्दांत सांगणे अवघड. बोट लावून पाहिले, की क्षणात समजते.

आठवड्यात बसवावे कसे?

नव्या पदार्थांची यादी एकदम मोठी केली, तर ती पुन्हा ओझे होते. आठवड्याला एकच नवा पदार्थ करावा आणि जमला, तर पंधरा दिवसांच्या आत तो पुन्हा करावा. दुसऱ्या खेपेला हात सरावतो आणि तिसऱ्या खेपेला तो पदार्थ आपल्या घरचा होतो. या गतीने वर्षभरात दहा-बारा पदार्थ जरी रुजले, तरी महिन्याचा बेत पालटतो.

वारांना पदार्थाऐवजी प्रकार नेमून देण्याची युक्तीही उपयोगी पडते. एक संध्याकाळ पिठाच्या पदार्थाची, एक मोडाच्या कडधान्याची, एक भाताच्या प्रकाराची, एक भाकरी आणि झणझणीत तोंडीलावण्याची, तर एक उरलेल्या अन्नाला नवे रूप देण्याची. जुन्या पंचांगाने जे काम केले, तेच काम ही लहानशी चौकट करते. ‘काहीही’तून निवडण्यापेक्षा ‘पिठाचे काय करू?’ या प्रश्नाचे उत्तर लवकर सुचते. वालाच्या बिरड्यासारखा पदार्थ आदल्या दिवशीची तयारी मागतो. वाल भिजवायचे, मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून सोलायचे. चौकट ठरलेली असेल, तर तेही आठवड्यात बसते, आणि वाल सोलायला घरचे चार हात मिळाले, तर दूरचित्रवाणीसमोर बसल्या बसल्या काम होते.

इथेच घरातल्या इतरांचा भाग येतो. यादी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावी आणि आठवड्यातील दोन दिवसांचा बेत घरातल्या दुसऱ्या कोणीतरी ठरवावा. ठरवणाऱ्याने किमान निवडणे-चिरणे अंगावर घ्यावे. ज्याने बेत ठरवला, तो ताटात पानावर नाक मुरडत नाही, असाही अनुभव येतो.

आपल्याकडे शेजारून आलेली वाटी रिकामी परत करू नये, असा संकेत होता. साखर, नाहीतर घरी शिजलेले काहीतरी घालूनच ती परत जाई. त्या संकेतामुळे एका मजल्यावरच्या चार घरांना परस्परांच्या चवी ठाऊक असत. बंद दारांच्या सदनिकांत वाट्यांची ही ये-जा मंदावली आणि तिच्याबरोबर रोजच्या पदार्थांची ये-जाही. कुळथाची पिठी किंवा गोळा भात हे पदार्थ कोणत्याही समारंभात वाढले जात नाहीत, उपाहारगृहांच्या पाटीवर त्यांना क्वचितच जागा मिळते. ते टिकतात ते केवळ कोणीतरी कोणाला सांगितल्यामुळे. ज्या घरात ते सांगायचे राहून गेले, तिथे एका पिढीत ते नाहीसे होतात.

तेव्हा उद्या डब्याच्या सुट्टीत सहकाऱ्याच्या डब्यातील अनोळखी भाजीकडे पाहून केवळ ‘छान आहे’ म्हणून थांबू नये. ती कशी केली, हे विचारावे, कागदावर टिपून घ्यावे आणि त्याच कागदाच्या मागे आपल्या घरचा एखादा साधा पदार्थ लिहून द्यावा. ‘त्यात काय विशेष’ असा संकोच नको. आपल्या घरी ज्याचा कंटाळा आला आहे, तेच दुसऱ्या घरी नवे असते.